कापूस ओळखणारी बाई

शेवगावच्या मेडिकलात एक कापूस वेचणारी बाई पुरुष गिऱ्हाइकं जायची वाट पाहत माझ्यासारख्या म्हातारीशेजारी उभी होती. लेकीला पाळी आलेली आणि उद्याच तिचा पेपर, म्हणून सॅनिटरी पॅड हवी होती.

"मावशी, अस्सल कापसाची आहेत," दुकानदार कुजबुजला.

तिने पुडा फोडून पॅड दाबलं. "ह्यो कापूस न्हाई. हयात येचन्यात गेली माझी, बोटांना कळतंय."

त्याने पुड्यावरचं वाचलं आणि ओशाळला. "लाकडाचा लगदा आहे."

"आसू दे. तीन तास टिपतंय ना?"

"टिपतं की."

तो पुडा वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तसा तिने हिसकावलाच. "सरपण का कुनी झाकून नेतं, दादा?" आणि पुडा उघडाच काखेत मारून भर बाजारातून गेली हो!

मी नातीसाठी घेतलेला पुडा तोवर दोन कागदांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला होता.