लोकसंख्या एक, शनिवारी चार

अल मनखूलमधून गाडी बाहेर काढताना आमच्या घरात जे भांडण होतं, त्यालाच आम्ही सहल म्हणतो. या वेळी ते सईमुळे झालं. सई आमची मुलगी, इथं आखातातच वाढलेली, युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला. तिला एका छोट्या वस्तीचा इतिहास आणि लोकसंख्या यांवर लिहून द्यायचं होतं. खोर फक्कानच्या वाटेवरचं एक गाव तिनं नकाशावर निवडलं आणि इंटरनेटवर शोधलं, तर इंटरनेटला ते ठाऊकच नव्हतं. जे मोबाइलवर नाही ते असेल तरी कशाला, असं तिचं म्हणणं. मी पुण्याचा, इतिहास सगळीकडे असतो आणि तो इतरांना समजावून सांगायचा असतो, हे मला जन्मतः ठाऊक आहे. तेव्हा प्रत्यक्ष जाऊनच बघायचं ठरवलं. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, नुसता समुद्र हवा होता.

त्यात त्या शनिवारी संकष्टी. मेधाचा उपास, आणि आम्हा दोघांना सामिष बंद. तरी डबा निघालाच: पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, तिची साबुदाण्याची खिचडी, चहाचा थर्मास आणि सतरंजी. या देशात पावलोपावली खायला मिळतं, पण मराठी माणूस डब्याशिवाय शारजाची हद्द ओलांडत नाही.

शारजा औद्योगिक क्षेत्रातली गॅरेजं आणि गोदामं मागे पडली, मग तांबूस वाळूच्या टेकड्या आल्या आणि त्याही संपल्यावर खडीचं माळरान लागलं. सपाट, करडं, मधूनच एखादं काटेरी झाड, आणि लांबवर डोंगरांची तपकिरी रांग. हिवाळ्याचं ऊन कोवळं होतं. मेधानं काच खाली केली आणि पहिल्यांदाच समुद्राचं नाव काढलं नाही. हमरस्ता सोडून आत वळलो आणि पाच-सात मिनिटांत गाव आलं.

गाव अगदी तयार होतं, फक्त माणसं यायची बाकी होती. गुळगुळीत रस्ता, रांगेनं दिव्याचे खांब, ताजी रंगवलेली मशीद, मुलांसाठी झोपाळे. गतिरोधक तर इतके, की गाडी कुणासाठी हळू करायची याचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. घरांना कुलपं होती. बकाल्याचं (किराणा दुकानाचं) शटर खाली, त्यावर उन्हानं पांढरी पडलेली सरबताची जाहिरात. एका घरासमोर सामानानं गच्च भरलेला पिकअप तेवढा उभा होता.

"बाबा, पॉप्युलेशन इज झीरो. खलास. कॅन वी गो टु द बीच?" सई म्हणाली.

मी म्हटलं, आधी जेवू. गावाच्या मधोमध गाफचं (आपल्या शमीच्या जातीचं वाळवंटी झाड) एक अजस्र झाड होतं, खाली दाट सावली. बुंध्याभोवतीची जमीन कुणीतरी झाडून ठेवलेली. अशी आयती झाडलेली जागा दिसल्यावर आपण काय करतो? सतरंजी पसरली, डबे उघडले, मेधानं खिचडी चाखून मीठ कमी असल्याचं जाहीर केलं.

तेवढ्यात पिकअपजवळून पांढरा कंदूरा (पायघोळ अंगरखा) घातलेला चाळिशीतला एक माणूस आला. नाव राशिद, खोर फक्कानच्या बंदरावर नोकरीला. त्यानं सलाम केला आणि इंग्रजीत फार अदबीनं विचारलं, तुम्हाला गाडीत बसून जेवता येईल का? मला रागच आला. हे झाड काय तुमच्या मालकीचं आहे का, असं मी विचारणारच होतो. तर तो म्हणाला, हो, वडिलांचं आहे, आणि तुम्ही त्याच्याखाली बसलात म्हणून आता पंचाईत झाली आहे.

मग त्यानं सांगितलं ते असं. गावात आता त्याचे वडील तेवढे राहतात. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले आणि राशिद संध्याकाळी येईपर्यंत तसेच पडून होते. शारजातल्या थोरल्या भावांनी मोठं घर बांधलंय, वडिलांसाठी खालची खोली ठेवलीय. वडील यायला नाही म्हणतात. हे झाड म्हणजे गावाचा मजलिस (पाहुण्यांची बैठक). इथं बसणारा माणूस त्यांचा पाहुणा, आणि पाहुणा येणार असताना घर सोडून जायचं कसं? शेवटी बाप-लेकांत करार झाला. ज्या शनिवारी या झाडाखाली एकही पाहुणा बसणार नाही, त्या शनिवारी म्हातारा गाडीत बसेल. आज सामान भरून झालं होतं. वडील काठी घेऊन पिकअपमध्ये बसलेही होते. आणि समोरच्या काचेतून त्यांना आमची सतरंजी दिसली.

म्हणजे आम्ही पुऱ्या खायला बसलो होतो आणि तिकडे एका गावाचा निकाल लागायचा होता.

म्हातारबुवा खाली उतरून येतच होते. उंच, वाळके, पांढरी दाढी, आणि चालताना काठी हातात असली तरी टेकायची नाही असा बाणा. बापलेकांची अरबीत जुंपली. राशिदनं हरकत घेतली ती आम्हाला इंग्रजीत सांगितली: हे सहलीचे लोक, यांनी स्वतःचं जेवण आणलंय, पाहुणा तो, जो यजमानाच्या घरचं खातो. म्हाताऱ्यानं क्षणभर विचार करून हरकत मान्य केली. मग माझ्याकडे वळून खाडीवरच्या जुन्या बाजारी हिंदीत म्हणाला, "तुम हमारे घर का खाएगा."

आता या जागी कुठल्याही शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नको नको, म्हणजे नहीं नहीं, आपको तकलीफ." कुणी खायला दिलं की तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा ताट पुढे ओढायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं. म्हाताऱ्याला हे गणित कुठून माहीत असणार? त्याचा चेहरा उतरला. मी घाबरून आणखी एकदा "नहीं नहीं" म्हणालो. राशिदनं घड्याळाकडे पाहिलं.

मेधानं मला कोपरानं ढोसलं आणि स्वतः उभी राहिली. तिनं हिंदीत सांगितलं, आज माझा उपास आहे, आम्ही कुणीच आज मांस खात नाही, पण खजूर चालतो. कॉफीही चालते. तुमच्या घरची द्या.

"यल्ला," म्हणजे चल, असं म्हातारा राशिदला म्हणाला, आणि सरळ पिकअपकडे निघाला.

खजूर वरच सापडला. अडलं ते दल्ल्यापाशी (चोचीची कॉफीची किटली). खजुराबरोबर घहवा (वेलची घातलेली अरबी कॉफी) हवाच, नाहीतर ते खाणं म्हणजे येता-जाता तोंडात टाकणं झालं, पाहुणचार नव्हे. आणि दल्ला कुठे होता? सगळ्यात खाली. आधी गाद्या उतरल्या, मग टीव्ही, कपाट, गॅसची शेगडी. फ्रिज उतरवायला मी आणि राशिद, सूचना द्यायला मेधा. आयुष्यभर विम्याच्या कंपनीत फायली हलवलेला माणूस मी. कंबरेनं तिथेच कुरकुर सुरू केली. सई तक्के आणि उशा वाहत होती आणि मध्येच म्हाताऱ्याला गावाचा इतिहास विचारत होती. ती हिंदीत बोलतेय हे पाहून मला फ्रिजपेक्षा जास्त धक्का बसला.

म्हातारा गादीवर बसून सांगत होता. पहिल्यांदा विहीर होती, म्हणून लोक होते. खजुराची झाडं होती, उंट होते, भांडणंही चांगली होती.

"फिर रस्ता आया. हम लोग खुशी में बकरा काटा," तो म्हणाला. "उसी रस्ते से सब चला गया."

सई हातातली उशी घेऊन त्याच्याशेजारीच बसली.

दल्ला निघाला. म्हाताऱ्यानं शेगडी झाडाखालीच मांडली. आम्ही बिया हातात धरून खजूर खाल्ले आणि छोट्या कपांतून घहवा प्यालो. तिसऱ्या कपानंतर बस म्हणायला कप हलवायचा असतो हे राशिदनं शिकवलं, तोवर माझे सहा झाले होते. म्हाताऱ्यानं पुरी खाल्ली आणि बटाट्याची भाजी दोनदा मागितली. ते पाहुणचारात धरायचं की कसं, यावर कुणी वाद घातला नाही. मला फार बरं वाटलं. ऊन कललं, सामान सगळं अंगणात पडलं होतं, ते आता घराच्याच दिशेनं हलणार हे न बोलता ठरलं. समुद्र राहिला तो राहिलाच.

राशिद आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. दुपारभर दमछाक केल्याबद्दल मी माफी मागितली. दर शनिवारी भरायचं आणि उतरवायचं म्हणजे छळच. तो वडिलांकडे पाठ करून उभा राहिला.

"भावांशी मला खोटं बोलता येत नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणून सामान मी नेमानं भरतो, पाहुण्यांवर हरकतही घेतो. दल्ला मात्र सगळ्यात आधी भरतो."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी भांडलं नाही, म्हणजे ही सहल नव्हतीच. अल मनखूलच्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर आठ घरं आहेत आणि लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलला नमस्कार करत उभे असतात. आमची लोकसंख्या किती, हे मला त्या संध्याकाळी सांगता आलं नसतं. सई विचारत होती, पुढच्या शनिवारी कोण बसणार? दर आठवड्याला आम्हीच गेलो तर हे आता घरचेच झाले, पाहुणे कसले, अशी राशिद हरकत घेईल, आणि ती मान्य होईल.

चंद्रोदय झाला, मेधानं उपास सोडला, आणि मी वरच्या मजल्यावरच्या जोगळेकरला फोन लावला. जोगळेकर सहलीला चार कुटुंबं गोळा करतो आणि आधी शंभर प्रश्न विचारतो. पार्किंग आहे का, बाथरूम आहे का, मुलांना खेळायला काय. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं त्यानं शेवटी विचारलं.

"एक म्हातारा आहे," मी म्हटलं. "आपण त्याला दिसायला जायचं."

तो म्हणाला, "बरं. पुऱ्या आम्ही करतो, भाजी कुणाकडे?"

"डबा अजिबात नेऊ नका," मी म्हटलं. "भुकेले जा."