चार चंद्र दाखवायचे होते

आमच्या आकाशगटाचं व्याख्यान महिन्यातून एकदा जव्हारच्या एका शाळेच्या वर्गात व्हायचं. ऐकायला नेहमीचेच लोक: शिक्षक, कारकून, त्यांची मुलं. मी चळवळीच्या घरात वाढले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर शाळेची गणितं सोडवली. त्यामुळे पहिल्याच बैठकीत उठून म्हणाले, "आकाश फक्त पगारदारांचं आहे का? व्याख्यान बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवा. पाड्यांवरच्या बोलीत ठेवा."

गटाचे अध्यक्ष, एक निवृत्त मास्तर, हसले. "काढा ताई, पत्रक काढा."

काढलं. बोलायला माझी मैत्रीण उभी राहिली. ती जव्हारजवळच्याच वांगणीकडच्या पाड्यावरची, डी.एड. करून नोकरीची वाट बघणारी. श्रावणातल्या त्या दुपारी वर्ग भरला. दाराशी ओल्या छत्र्या, बाकांखाली बाजाराच्या पिशव्या. तिचे बाबा पुढच्याच बाकावर. भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवत ती बोलीत सांगत होती, की गुरूभोवती चार मोठे चंद्र फिरतात आणि ते आपल्या गटाच्या दुर्बिणीतूनही दिसतात.

"चार?" बाबांनी विचारलं. "मंग त्याला अमावस कव्हा?"

मागून एक बाई ओरडली, "चार बायकांचा दादला तो! एक त घरात ऱ्हाणारच!"

वर्ग हसला. बाबा हसले नाहीत. "चित्र कोनीबी काढील, बाय. दिसल तव्हा खरा."

"दाखवीन, बाबा. दिवाळीनंतर मैदानात दुर्बीण लावतील. पहिला डोळा तुमचा."

शिकूनही पोर घरीच का बसली आहे, हे बाबांना उमगत नव्हतं. तिच्या शिकण्यावरचाच त्यांचा विश्वास उडत चालला होता. तिला ते चार चंद्र त्यांना दाखवायचेच होते.

गटानं कार्यक्रम दिवाळीनंतरच्या अमावास्येला ठरवला. दुर्बीण काढायची ती अंधाऱ्या रात्रीच, ही गटाची सवय. गुरू भर चांदण्यातही दिसतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणी तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही.

भात कापून झालं, दिवाळी झाली आणि पाडा जगायला गेला. आमच्याकडे असंच म्हणतात. वीटभट्टीवर, रेतीवर जाणं म्हणजे जगायला जाणं. यंदा मुकादम लवकर आला. अमावास्या लांब असतानाच तिचे आईबाबा टेम्पोत बसून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले.

मी बैठकीत भांडले. "दुर्बीण भट्टीवर न्या. एका संध्याकाळचा प्रश्न आहे."

"धुळीनं भिंग जाईल," अध्यक्ष म्हणाले.

"तिथली माणसं ती धूळ रोज खातात, सर!"

"ताई, हे पत्रक नाही. हात वर करा."

माझा आणि तिचा, दोनच हात वर झाले.

अमावास्येला मैदानात शिक्षक आले, कारकून आले. दुर्बिणीला मोबाईल टेकवून फोटो काढून गेले. पाड्यावरचं कुणी नव्हतं, म्हणून ती प्रमाण मराठीतच बोलली. मधेच तिनं बाबांना फोन लावला. "उगवतीला बघा, बाबा, मोठी चांदणी दिसते?"

"धूरच हाय, बाय," ते म्हणाले. "जेवलीस का?"

पावसाळ्यात पाडा परत आला. पुन्हा बाजाराचा दिवस, पुन्हा व्याख्यान, पण बाकं निम्मी रिकामी. बाबा व्हरांड्यापर्यंत आले. तिनं मैदानात स्वतः काढलेला फोटो छापून आणला होता. एक उजळ ठिपका आणि शेजारी चार बारीक कण. बाबांनी तो बाहेरच्या उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"ह्या पन चित्रच," ते म्हणाले. फोटो तिच्या हातात परत दिला. "गाडी सुटल माझी."

ते पावसातून एसटी स्टँडकडे गेले. ती वर्गात शिरली, भिंतीवरच्या चित्राशेजारी उभी राहिली आणि समोरच्या शिक्षकांना, कारकुनांना गुरूबद्दल सांगू लागली.