बिनलेबलच्या बाटल्या

लॅबमध्ये काम करणाऱ्याकडे किस्से साचतात. बेसिनखाली फुटक्या टेस्ट ट्यूब साचतात, तसे. बाकीचे लोक ते हसत सांगतात. मी सांगताना आधी दाराकडे पाहतो!

कारण ऐका. माझा मोठा भाऊ विजूदादा सीताबर्डीजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री लॅबचा अटेंडंट होता. दिवाळीनंतर एका दुपारी लॅबच्या स्टूलवर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली, "लॅबमधलं काही खाल्लं असंल पोरानं." आईनं ते ऐकलं. तेव्हापासून रोज एकच प्रश्न, "खरं सांग गा, त्यानं काही खाल्लं काय?"

मी सातवी नापास. मला काय माहीत! दहा दिवसांनी त्याच्याच जागेवर मला रोजंदारीवर घेतलं.

\*

ॲसिडच्या वाफांनी बाटल्यांची लेबलं केव्हाच खाऊन टाकली होती. दादाला सगळ्या पाठ होत्या, म्हणून कोणी नवी चिकटवली नाहीत. दादा गेला, आणि उरल्या नुसत्या बाटल्या.

पहिल्याच दिवशी एका बाटलीतलं पाणी घेऊन मी टेबल पुसलं. हात चुरचुरले. केमिस्ट्रीच्या मॅडम धावत आल्या आणि माझे हात नळाखाली धरले.

"सल्फ्युरिक आहे ते! नशीब तुझं, पातळ केलेलं होतं. पाणी म्हणजे H2O. हे H2SO4."

"मॅडम, दिसायला तर दोन्ही सारखीच आहेत."

"म्हणूनच सांगते, मला विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही!"

संध्याकाळी आईनं पँट धुतली, तर मांडीवर चार भोकं. आई म्हणाली, "कॉलेजात उंदरं हायेत काय गा?"

मी म्हणालो, "हो. लई मोठे."

\*

मॅडम वर्गात शिकवतात तेव्हा मी मागे उभा राहून ऐकतो. एकदा म्हणाल्या, सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं. क्लोरीन विषारी वायू. पण दोघांचे आयन, म्हणजे वीजभार असलेले कण, झाले आणि एकमेकांना चिकटले की NaCl. आपलं मीठ!

पोरांनी लिहून घेतलं. मला वरणातलं मीठ आठवलं.

त्या दिवशी जेवताना मी वरण बाजूला सारलं. आईनं ताटाकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "एक गेला. आता हा बी जेवून नाही राहिला."

मी डोळे मिटून वरणभात खाल्ला. दोनदा मागून घेतला! आणि मग सकाळपर्यंत पोट धरून होतो.

\*

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आली. प्रत्येकाला चिमूटभर सॉल्ट मिळतं, त्यातले आयन ओळखायचे. मला कोणी सांगितलं नव्हतं की दादा पोरांना खोकून मदत करायचा. एकदा खोकला तर क्लोराइड, दोनदा सल्फेट, तीनदा नायट्रेट.

नेमकं त्याच दिवशी मी अमोनियाची बाटली उघडली. नाका-डोळ्यांतून पाणी, आणि खोकला काही थांबेना. पोरं माना खाली घालून भराभर लिहीत होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी एकाचा पेपर उचलला. "काय रे, एवढ्याशा सॉल्टमध्ये इतके आयन आले कुठून?"

पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "सर, अजून येऊनच राहिले!"

मला वाटलं, गेली नोकरी. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "विजू शिस्तीत खोकायचा."

\*

परीक्षा संपल्यावर मी लॅबमधलं दादाचं कपाट आवरायला घेतलं. त्याच्या जुन्या शर्टामागे एक बाटली सापडली. लेबल नाही. आत पांढरी पावडर, अर्धी संपलेली. आणि त्यात एक चमचा!

लॅबमध्ये सॉल्ट काढायला स्पॅच्युला असतो, चपट्या टोकाची पट्टी. चमचा घरचा होता. आमच्या घरचा.

आठ दिवस मी ती बाटली तशीच ठेवली. आई विचारायची, मी माहीत नाही अशी मान हलवायचो. नवव्या दिवशी डोकं फिरलं. म्हटलं, चाटूनच पाहतो, जे व्हायचं ते होऊ दे! बोट आत घातलं तेवढ्यात मॅडमनी हातावर फाटकन मारलं.

"काहून? मरायचं आहे का तुले?"

मग मी सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या. थोड्या वेळानं उठल्या, बोट धुवायला लावलं, चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवली आणि दोन तारा आत सोडल्या. तारांना बॅटरी आणि बल्ब लावलेला.

"आपल्या रॅकवरची विषारी पांढरी सॉल्टं पाण्यात फुटून आयन होतात. मग बल्ब लागतो."

मी बल्बकडे पाहत राहिलो. बल्ब लागला नाही.

"आयन नाहीत. रेणू अख्खेच आहेत." मॅडमनी थोडी पावडर टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन तापवली. ती वितळली, तांबूस झाली, आणि लॅबभर जिलेबीच्या पाकासारखा वास सुटला. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, C12H22O11.

मी तिथूनच फोन लावला. "आई, पिठीसाखर होती वं! नुसती साखर!"

आई म्हणाली,

"डॉक्टरनं त्याची साखर बंद केली होती ना गा. घरी तर फिका चहा पेत होता. मले म्हणे, आई, आता गोड आवडतच नाही."

"हो."

"चमचा कोणता होता गा? चहाचा, का पोह्याचा?"