किंवा समकक्ष

सरला मुळ्ये यांचं डोकं बर्फासारखं थंड आहे, असं झाशीतल्या मराठी मंडळींचं जुनं मत होतं. या दिवाळीनंतर ते पार निकालात निघालं, आणि त्याला कारण झाला एक लॅपटॉप.

लॅपटॉप घ्यायचा म्हणजे काही मुलीचं लग्न ठरवायचं नसतं, की ज्याला त्याला बोलवावं, चहा पाजावा आणि मत विचारावं. ज्याला काम करायचंय त्यानं दुकानात जावं, बघावं आणि घेऊन यावं. पण मुळ्यांच्या घरात साधा मिक्सरसुद्धा असा आला नव्हता. कारण दीनानाथ मुळ्ये. सरलाचे यजमान सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागातून सन्मानानं निवृत्त झाले होते, पण खरेदी विभाग त्यांच्यातून काही निवृत्त झाला नव्हता.

सरलाही त्याच कारखान्यातली. ग्वाल्हेरला इंजिनिअरिंग करून ती संगणक विभागात लागली, तेव्हा त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे आणि ऐन मे महिन्यात आत शाल पांघरून बसावं लागे. कारखान्यात मोठाले ट्रान्सफॉर्मर बनत. आतली तांब्याची वेटोळी चालताना किती तापतील, याचा हिशेब करणारे प्रोग्राम सरला लिहायची. तिचे आकडे आले की मग किती तांबं लागेल ते ठरे, आणि ते तांबं दीनानाथ विकत घेत. नवरा-बायको एकाच कारखान्यात असूनही दोघांची कामावरची भेट व्हायची ती अशी, आकड्यांतून. पुढे सासूबाई, कुसुमावतीबाई, अंथरुणाला खिळल्या. घरात कोणीतरी थांबायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे कोण, यावर चर्चा झाली नाही. सरलानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या आणि सरलाचे दिवस अचानक रिकामे झाले. भरवायची वाटी घेऊन तासन्‌तास बसायचं नाही, औषधांच्या वेळा नाहीत. अशात मृदुलाचा फोन आला. मृदुला पूर्वी सरलाच्या हाताखाली शिकलेली, आता ग्वाल्हेर रोडवर तिची जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायची स्वतःची कंपनी होती. नव्यानं बांधलेलं वेटोळं किती तापेल हे आधीच सांगणारा प्रोग्राम तिला हवा होता.

"मॅडम, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही," मृदुला म्हणाली. "पण माझे पार्टनर ऐकत नाहीत. म्हणतात, रिटायर बाई काय करणार. तुम्ही एक दिवस इथे येऊन त्यांच्यासमोर चालवून दाखवा. चाललं, तर काम कायमचं तुमचं."

दिवाळीनंतरचा शनिवार ठरला. सरलानं नवरात्रापासून रात्रीचा स्वयंपाक लवकर उरकायला सुरुवात केली, आणि प्रोग्राम लिहून काढला. इतक्या वर्षांनी हात बसेल की नाही याची धास्ती होती, पण बसला. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच स्वयंपाकघरात जाऊन गूळ खाऊन आली.

अडलं ते यंत्रापाशी. मुलगा पार्थ कॉलेजात असतानाचा लॅपटॉप घरात होता. सरलानं पूर्ण हिशेब चालवला की तो बेशुद्ध पडायचा. तिला हवा होता मोठा, दणकट, कामाचा लॅपटॉप, ज्याला वर्कस्टेशन म्हणतात तो. पडदा मोठा, कारण चष्म्याचा नंबर वाढला होता. अंकांची बटणं वेगळी, कारण तिचं सगळं काम आकड्यांचं. मेमरी भरपूर, कारण हिशेब प्रचंड. आणि पंखे चांगले, कारण यंत्र तापून बसलं तर शनिवारी पार्टनर लोक हसणार. घरात बसवायचा कॉम्प्युटर चालला नसता. तो उचलून मृदुलाकडे कसा न्यायचा?

तिनं बंगळुरूला पार्थला विचारलं. पार्थ स्वतः सॉफ्टवेअरमध्ये. तो म्हणाला, "आई, एवढं बड़ं मशीन कशाला? तू पतला, हलका घे ना. व्हिडिओ कॉल छान होतो त्यावर."

"अरे, मला व्हिडिओ कॉल नाही करायचा. मला प्रोग्राम चालवायचाय."

"हो, पण बाकी वेळ?"

बाकी वेळ! सरलानं फोन ठेवला.

ती सीपरी बाजारातल्या एका दुकानात गेली. दुकानदारानं आदरानं खुर्ची दिली आणि विचारलं, "आंटी जी, बच्चों के लिए चाहिए?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "तो भाईसाहब के लिए?" तेही नाही म्हटल्यावर त्याच्याकडचे प्रश्न संपले आणि त्यानं गुलाबी रंगाचा एक लॅपटॉप पुढे सरकवला.

घरी येऊन सरलानं हे तावातावानं सांगितलं, आणि इथे तिची चूक झाली. कारण दीनानाथांचे डोळे चमकले. बऱ्याच वर्षांत त्यांच्या वाट्याला खरेदी आली नव्हती.

"असं एकट्यानं दुकानात जायचंच नसतं," ते म्हणाले. "तुला काय काय हवं ते मला लिहून दे. मी रीतसर करतो."

सरलानं लिहून दिलं. दीनानाथांनी तीन सदस्यांची समिती नेमली. एक ते स्वतः. दुसरे शेजारचे वामनराव, कारण ते हिशेब खात्यातून निवृत्त झालेले आणि समितीत हिशेबाचा माणूस लागतोच. तिसरा भाचा कुशल, तांत्रिक सदस्य. कुशल बँकेत होता. त्यानं एकदा दीनानाथांच्या फोनवरचे नको असलेले फोटो पुसून दिले होते, एवढी पात्रता पुरली.

"आणि मी?" सरलानं विचारलं.

"तू मागणी करणारी. मागणी करणारा समितीत बसत नाही. पक्षपात होतो."

सरलाला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. समिती तीन दुकानं हिंडली. तिसरं दुकान सीपरी बाजारातलं तेच, गुलाबी लॅपटॉपवालं. तिथे सरलाला सोबत नेलं खरं, पण दारापाशी पंख्याखाली बसवलं आणि हातात चहा दिला. आत काउंटरवर तिघे पुरुष तिच्या लॅपटॉपबद्दल बोलत होते. एकदा ती उठून आत गेली, तर वामनराव मायेनं म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना."

ते होते, हेच तर दुखणं होतं. सरलानं चहा गिळला. तिला त्या तिघांना एका ओळीत उभं करून विचारावंसं वाटत होतं की तुमच्यापैकी एकानं तरी आयुष्यात एक ओळ प्रोग्राम लिहिलाय का. पण दुकानात तमाशा नको म्हणून ती गप्प राहिली. सगळ्या घरांत बायका अशाच गप्प राहतात, आणि पुढे त्याचीच सवय होते.

शनिवार दोन दिवसांवर आला तेव्हा लॅपटॉप घरी आला. दीनानाथांनी वामनराव आणि कुशलसमोर तो पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला, आणि सरलाला हाक मारली. खोक्यातून निघालं एक चांदीच्या रंगाचं, वहीएवढं पातळ यंत्र. सरलानं ते एका हातात उचललं.

"हे काय?"

"बघ, किती हलकं! तुला उचलायला त्रास नको. समितीचं एकमत झालं."

"मी काय लिहून दिलं होतं?"

"सगळं त्यात बसतंय," दीनानाथ म्हणाले आणि त्यांनी कागद काढला. सरलाच्या प्रत्येक मागणीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात दोन शब्द जोडलेले होते. मोठा पडदा, किंवा समकक्ष. चौसष्ट जीबी मेमरी, किंवा समकक्ष. खरेदी खात्यात जन्म काढलेला माणूस हे दोन शब्द लिहिल्याशिवाय पेनाला टोपण लावत नाही. नाहीतर एकाच दुकानदाराचा फायदा करून दिल्याचा आरोप येतो. आणि दुकानदार काय, वाटच बघत होता. पडदा लहान आहे, पण टीव्हीला जोडता येतो, म्हणजे समकक्ष. मेमरी सोळाच आहे, पण नवी आहे, म्हणजे जुन्या चौसष्टच्या समकक्ष. अंकांची बटणं नाहीत, पण पडद्यावर उमटवता येतात.

सरलानं कागद बाजूला ठेवला. तिनं प्रोग्राम चढवला आणि चालू केला. पंखा किंचाळायला लागला. बटणं हाताला चटके देऊ लागली. हिशेब अर्ध्यावर आला आणि मेमरी संपल्याचा निरोप देऊन यंत्र थांबलं. मेमरी वाढवावी, तर ती आत कायमची जोडलेली.

कुशल ओशाळून म्हणाला, "मामी, मी बोललो होतो मामांना, की रॅम कम आहे. पण ते बोलले, चलेगा."

"नवीन आहे," दीनानाथ म्हणाले. "एक-दोनदा चालवलं की रुळेल."

"ते बूट नाहीत!" सरला ओरडली. त्या घरात तिचा आवाज एवढा चढलेला भिंतींनीही ऐकला नव्हता. वामनराव पेढा हातात घेऊनच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दीनानाथ आंघोळीला गेले असताना, सरलानं ते पातळ यंत्र खोक्यात घातलं, रिक्षा केली आणि सरळ सीपरी बाजार गाठला. दुकानदार शटर वर करत होता.

"आंटी जी, बिका हुआ माल वापस नहीं होता।"

"वापस नहीं, बदलकर दीजिए। ऊपर से जो लगेगा, मैं दूँगी।" तिची नजर मागच्या सर्वांत वरच्या फळीवर गेली. तिथे एक रुंद, काळा, जाडजूड लॅपटॉप धूळ खात पडला होता. "वो क्या है?"

"अरे, वो तो एक आर्किटेक्ट साहब ने मँगवाया था, लिया नहीं। आपके साहब ने भी देखा था। बोले, बहुत भारी है, मैडम से नहीं उठेगा।"

सासूबाईंना रोज अंथरुणावरून उठवून बसवणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तिनं दुकानदाराला सांगितलं नाही. "उतारिए," एवढंच म्हणाली.

"एक बार साहब को फोन कर लूँ?"

"उतारिए पहले।"

त्यानं उतरवला, आणि पाठ फिरवून फोन केलाच. सरलानं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं धूळ पुसली, यंत्र चालू केलं, मेमरी तपासली. बरोबर होती. मग पर्समधून पेन ड्राइव्ह काढून तिनं प्रोग्राम लावला आणि जिवाचा कान करून उभी राहिली. पंखे घुमू लागले, पण संथ, दमानं. आकडे येऊ लागले. हिशेब अर्ध्यावर आला आणि पुढे सरकला.

तेवढ्यात स्कूटर थांबली. दीनानाथ ओल्या केसांनी आत आले.

"सरला, हे काय चाललंय? न विचारता? समितीनं निर्णय दिलाय, लोक काय म्हणतील?"

उरलासुरला बर्फ वितळला तो इथे.

"एक सांगा," ती म्हणाली. "इतकी वर्षं कारखान्यात तुम्ही तांबं घेतलंत. किती घ्यायचं, कसलं घ्यायचं, ते माझ्या आकड्यांवरून. त्या कागदावर कधी 'किंवा समकक्ष' लिहिलंत?"

दीनानाथ थबकले. प्रश्न खात्याचा होता, तेव्हा त्यांनी खरं उत्तर दिलं. "नाही. तांब्याला नाही लिहायचो."

"का?"

"आकडा पक्का असायचा. त्यात बदल केला, तर ट्रान्सफॉर्मर जळला असता."

"तो आकडा मीच द्यायची ना? मग कारखान्यात माझा शब्द पक्का, आणि घरात माझ्या शब्दाला समकक्ष चालतो?"

दीनानाथ काउंटरपाशी आले. ते पडद्याकडे बघू लागले. आकडे ओळीनं उतरत होते, आणि शेवटी वेटोळ्याचं सर्वांत तापणारं ठिकाण आकड्यासकट लाल रंगात उमटलं. हिशेब पूर्ण झाला होता. दीनानाथ खाली वाकले आणि चष्मा वर करून त्यांनी तो आकडा वाचला.

दुकानदाराला या सगळ्यात एवढंच कळलं की भांडण थांबलंय. मराठी त्याला येत नव्हती. सौदा निसटायला नको म्हणून तो लगबगीनं दीनानाथांपाशी आला. "तो साहब, कौन-सा रखें? पतला वाला ही ठीक था न?"

"मुझसे क्या पूछ रहे हो?" दीनानाथ असे खेकसले की रस्त्यावरचा रिक्षावालाही वळून बघू लागला. "इंजीनियर ये हैं। इनसे पूछो!"

सरलाला एकदम रडू आलं. हे वाक्य इतक्या उशिरा सुचल्याचा संताप होता आणि सुचल्याचा आनंदही होता. पण नवऱ्याला दुकानात मिठी मारायची झाशीत रीत नाही, आणि तिला वेळही नव्हता. तिनं पदरानं डोळे टिपले आणि दुकानदाराकडे वळली.

"यही वाला पैक कीजिए," ती म्हणाली. "और मज़बूत बैग दीजिए। कल मुझे काम पर जाना है।"