शेवटचं रीळ न बघणारी शरणम्मा

मुरुमच्या बाजारगल्लीत शरणम्माचं भुसाराचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा मोठा तिचा आवाज होता. नवरा गेल्यापासून ज्वारीची मापं, तुपाचं गाडगं आणि एकुलता लेक शांतलिंग, तिन्ही तिच्याच कुलुपात. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ती येताना आधी जुडगा ऐकू यायचा, मग शिव्या. चन्नबसप्पाशी तिचं भांडण पन्हाळीच्या पाण्यावरनं, कमलबाईशी शेळीवरनं, रामलिंगाशी कशावरनं ते दोघंही विसरले होते, भांडण मात्र चालू होतं. धड बोलायची ती फक्त शेजारच्या अजीजाबीशी. अजीजाबीही सासूच होती.

एका साली जत्रेत तंबूचा शिनिमा आला. गोष्ट साधी. एक सासू, कमरेला किल्ल्या, घरात गरीब सून. सासू तिला छळते, तुपाला कुलूप घालते आणि एक दिवस दाराबाहेर काढते. तंबूतल्या बाया तोंडाला पदर लावून रडायच्या. शरणम्मा पहिल्या दिवसापासून सासूच्या बाजूनं.

"बरं केलंस बाई," ती पडद्याला सांगायची. "तूप काय तिच्या बापानं आनलं व्हतं?"

पुढच्या बाया वळून बघत.

"माझ्या तोंडाकडं काय बघताव? पैसे तिकडं बघायला दिलेत."

त्या सासूचं एक वाक्य तर तिनं पाठच केलं. "या घरात चूल एकच पेटेल." डावी भुवई चढवायची, हनुवटी पुढं काढायची आणि पडद्यावरल्या बाईसारखं शहरी बोलायचं. चार पायल्या उधार मागायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ती ते ऐकवायची. त्याला चुलीचा संबंध कळायचा नाही, पण उधारी मिळणार नाही एवढं कळायचं.

तंबू होता तोवर ती रोज गेली, आणि रोज शेवटचं रीळ लागायच्या आत अजीजाबीला ओढत बाहेर आली. शेवटच्या रिळात दिवस फिरतात आणि तीच सासू सुनेच्या दारात पदर पसरून उभी राहते, हे अख्ख्या मुरुमाला ठाऊक होतं.

"ते खोटं हाय," शरणम्मा म्हणायची. "लोकं खूश व्हावीत म्हनून म्हातारीला रडवली. सुनंला भाईर काढली तितंच शिनिमा संपतो."

"बराबर," अजीजाबी म्हणायची. "आगे का हमना नको."

सून महानंदा मात्र शेवटापर्यंत बसायची. घरी येऊन अवाक्षर काढायची नाही. तशी ती एरवीही बोलत नसे, नुसतं "व्हय आत्याबाई" म्हणायची. भाकरी करपली की एक 'व्हय', माहेरचा उद्धार झाला की दुसरं. आणि काही मुळीच पटलं नाही की तिसरं, लांबलचक, शेपटाला वाकडं. ते ऐकलं की शरणम्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"शिवी तरी दे ग मला भवाने."

"व्हय आत्याबाई."

पुढं इंग्रज गेला, मुरुम निजामाच्याच राज्यात राहिलं. दिल्ली निजामाला म्हणू लागली, सामील व्हा. निजाम होय म्हणेना. रझाकार बंदुका घेऊन फिरू लागले, बाहेरनं माल येईना, गावात काडेपेटी दिसेनाशी झाली. शांतलिंग चोरून स्टेट काँग्रेसच्या बैठकांना जाऊ लागला आणि तिथनं एक सवय घेऊन आला.

"तत्त्व म्हणून बघितलं तर अव्वा, निजामानं आता सत्ता सोडायला पायजे."

"का? घर त्येचं हाय, किल्ल्या त्येच्या कमरंला हायत. दिल्लीवाले कोन, व्याही?"

"रझाकार घरं जाळाय लागलेत."

"त्या मुडद्यांचं वाटोळं होऊ दे. पन किल्ल्या द्यायच्या न्हाईत. म्हाताऱ्या मानसानं येकदा किल्ली दिली की पेज बी मागून खावी लागती."

शांतलिंगाचं दुसरं तत्त्व पावसाळ्यात बाहेर आलं. समोरची खोली भाड्यानं घ्यायची आणि वेगळी चूल मांडायची.

"वा रं गांधीबाबा," शरणम्मा म्हणाली. "देशाला म्हनतो येक व्हा, आन् आईला म्हनतो येगळी हो. तुझ्या तत्त्वाला बूड हाय का?"

आतनं महानंदाचं "व्हय आत्याबाई" आलं. तिसरं.

सप्टेंबरातला सोमवार ठरला. वेगळं निघायचं तर थोरल्या चुलीतला विस्तव नेऊन नवी चूल पेटवायची, ही रीत. विस्तव दिला म्हणजे थोरल्यांनी होकार दिला. नाहीतर ते पळून गेल्यासारखं. महानंदा खापराचा तुकडा घेऊन चुलीपुढं येऊन बसली. शरणम्मानं भुवई चढवली, हनुवटी पुढं काढली.

"या घरात चूल एकच पेटेल." आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. राख उडाली ती तिच्याच तोंडावर.

महानंदानं विझलेल्या चुलीकडं बघितलं. "आता तर येक बी न्हाय की आत्याबाई," ती म्हणाली आणि खापर घेऊन अजीजाबीकडं गेली. घटकेत समोरच्या खोलीतनं धूर निघाला.

शरणम्मा तशीच राखेच्या तोंडानं अजीजाबीच्या दारात उभी. "सासू असून दिलास इस्तू? लाज वाटली न्हाय?"

अजीजाबी गाठोडं बांधत होती. "अब कायकी सास और कायकी बहू, शरणव्वा. नळदुर्ग पे मिल्ट्री आई बोलते. हम लोगां जारे."

शरणम्मा भांडायलाही आली होती आणि विस्तव मागायलाही. दोन्ही राहून गेलं. दुपारी त्या दाराला कुलूप लागलं. काडी तर गावात नव्हती. विस्तवाला चन्नबसप्पाकडं जावं तर पन्हाळ आडवी, कमलबाईकडं जावं तर शेळी.

मग ती फुटाण्यावर राहिली. फुटाणे, शेंगा, गूळ, भिजवलेले पोहे. दुकान भरलेलं होतं, पण समोरनं गरम भाकरीचा वास आला की शेंगा घशाखाली उतरत नव्हत्या. शांतलिंग रोज दारात यायचा.

"अव्वा, तत्त्व म्हणून बघितलं तर दोन घास खायला..."

"तुझं तत्त्व शिजलंय का? तेच वाढ."

शुक्रवारी संध्याकाळी तो धावत आला. "अव्वा, निजाम शरण आला. रेडिओवर सांगितलं."

शरणम्माच्या तोंडात फुटाणे होते. ते गिळायला तिला वेळ लागला.

"सोमवारी मिल्ट्री आली, आन् आज दिल्या किल्ल्या?"

"व्हय."

"तोफा व्हत्या, बंदुका व्हत्या, आठवडा सुदीक निघाला न्हाय त्येच्यानं. म्या हितं फुटाण्यावर बसलीय, मेल्यानं माझ्याकडं बघून तरी दम धरायचा."

सकाळी तिनं खापर उचललं आणि गल्ली ओलांडली. कमलबाई शेळी सोडून उंबऱ्यावर आली, चन्नबसप्पा पन्हाळीखाली उभा राहिला. शेवटचं रीळ सगळ्यांनी बघितलेलं होतं. सगळ्यांचे डोळे तिच्या पदरावर.

महानंदा दारात आली. "या आत्याबाई. शेवटच्या रिळाला आलाव व्हय?"

"पदर बघायला उभी हाईस का? पदरात इस्तू घेत न्हाईत, येडे. खापर आनलंय."

महानंदानं दोन निखारे खापरावर ठेवले आणि हात तसाच पुढं धरला. "आन् किल्ल्या?"

शरणम्मानं एका हातात खापर धरलं, दुसरा जुडग्यावर ठेवला. "त्या हैदराबादच्यानं दिल्या. म्या इस्तू नेते. नुस्ता इस्तू."

"व्हय आत्याबाई."

हे कुठलं 'व्हय', ते तिला कळेना. पूर्वी ऐकलेलं नव्हतं. विचारायला थांबावं तर निखारा राख धरू लागला होता. अजीजाबीच्या कुलूपबंद दारावरनं, कमलबाईच्या शेळीला लाथेनं बाजूला सारत, ती घरात गेली.

पावसाळी हवेनं चूल अजून ओली होती, पेटायला तासभर गेला. मग तिनं भाकऱ्या थापल्या, आणि धूर समोरच्या खोलीत जावा म्हणून दार सताड उघडं ठेवलं.