पुढं न्या

बांधावरून दोघी येताना दिसल्या तेव्हा केराबाई एका पोरक्या करडाला बाटलीनं दूध पाजत होती. पुढची बसम्मा, वस्तीवरच्या बायकांना दवाखान्याची आठवण करून देणारी आशाताई. मागची मुलगी नवी होती. खांद्याला बॅग, उन्हापासून ओढणी तोंडाभोवती गुंडाळलेली. केराबाईनं करडू खाली सोडलं आणि तशीच घरात शिरली.

"पूने, दार वढून घे. म्या हाक मारल्याबिगर भाईर यायचं न्हाय."

"कोन आलंय, आत्या?"

"कुनी न्हाय. बसम्मा आलीया."

पूनमनं दार ओढून घेतलं. ती सून खरी, पण त्याआधी केराबाईच्या करकंबच्या भावाची लेक. पहिलटकरीण, आठवा महिना. माहेरी न्यायचं सातव्यात राहून गेलं होतं आणि आठव्यात वेस ओलांडायची नसते, म्हणून नववा लागेपर्यंत तिला इथंच ठेवायचं ठरलं होतं. मंद्रूपच्या पुढं, ओढ्याकाठच्या त्या वस्तीवर धनगरांची मोजकी घरं. पुरुष मेंढरं घेऊन सीनेच्या काठाला गेलेले. घरात या दोघीच.

बसम्मा लांबूनच ओरडली, "काय केराक्का, दोनदा आले, दोनदा तू रानात! शेरडं राखाया गेलतीस का माज्यापासनं लपाया?"

"शेरडं बरी. ती काय इचारत न्हाईत," केराबाई म्हणाली आणि तिनं दोघींना घरापाशी न थांबवता परड्याच्या टोकाला, लिंबाखाली नेलं. घोंगडं अंथरलं. आपण घराकडं तोंड करून बसली.

मुलगी कशासाठी आलीय हे तिला ठाऊक होतं. शिवानी तिचं नाव, सोलापुरात शुक्रवार पेठेत राहणारी. जिल्ह्यात बाळंतपणात ज्या बायका दगावल्या त्यांच्या घरी जाऊन ती विचारत फिरे: आधी काय दुखलं, कोणाला सांगितलं, गाडी कुठून मिळाली, कुठल्या दवाखान्यानं कुठं पाठवलं. बाई कुठं हातची गेली हे शोधायचं काम. बसम्मानं ते मागंच, बाजारात गाठून, समजावून सांगितलं होतं. केराबाईची लेक वैजयंती तीन वर्षांपूर्वी अशीच गेली होती.

"मावशी, तुम्हाला नको वाटलं तर मध्येच थांबू," शिवानी म्हणाली. "वैजयंतीताई बाळंतपणाला इथंच आल्या होत्या ना?"

"हळू बोल बाई. आत दोन जिवाची हाय."

शिवानीनं आवाज खाली आणला. दोन जिवाच्या बाईच्या कानावर असलं मरण पडू द्यायचं नाही, ही त्या घरची रीत. पूनमला दिवस गेले तसा भिंतीवरचा वैजूचा फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला होता. पूनमचा नवरा जोतिराम स्वतःच्या बहिणीचं नाव घेत नव्हता. पूनमला एवढंच माहीत होतं की नणंद बाळंतपणात गेली. कशानं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

केराबाई सांगू लागली. सांगताना ती घोंगड्याची लोकर बोटानं उपटत होती. तिचा स्वतःचा जन्म मेंढरांमागं चालताना झालेला. जोतिराम झाला तेव्हा कळप चालता होता. बाभळीखाली बाळंत झाली, दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून पुढच्या मुक्कामाला गेली. वैजू तशीच झाली. "दवाखाना ठावं न्हवता आमाला. वैजूच्या वक्ताला लोकं म्हनली, आता सुदारलंय, दवाखान्यात न्या. नेली. ऐकलं लोकांचं."

"आधी काय त्रास होत होता?"

"डोस्कं दुखायचं. म्हनायची, आये, डोळ्याम्होरं काजवं चमाकत्यात. म्या म्हनलं, उनाचं असंल."

"अंगावर सूज?"

"त्वांड फुगलं हुतं. पाय बी. तितल्या नर्सबाईनं जोडवी काडाया लावली. निगंनात. मग पकडीनं…"

केराबाई थांबली.

बसम्माला वाटलं तिला रडू आलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पण केराबाई रडत नव्हती. ती घराच्या बंद दाराकडं बघत होती. गेल्या बाजारात तिनं पूनमसाठी मोठ्या मापाची जोडवी घेतली होती. आधीची रुतत होती; साबण लावून लावून काढली तेव्हा पूनमच्या बोटाला वळ उठले होते. त्यावर केराबाईनं स्वतःच आनंदानं शेजारणींना सांगितलं होतं, "पोरीचं अंग भरलंय. भावाला म्हनावं, बग, लेक कशी ठिवलीया!"

"मावशी?"

"काय न्हाय. इचार तू."

पण शिवानीनं पुढचं विचारण्याआधीच दार करकरलं. पूनम उंबऱ्यात उभी होती. चौकटीला हात धरून.

"आत जा!" केराबाई ओरडली. "तुला काय सांगितलं हुतं?"

"आत्या, रागावू नगा." पूनमचा आवाज बारीक होता. "म्या ऐकलं. वाऱ्यावर आवाज येत हुता, दाराला कान लावून ऐकलं. वैन्सास्नी जसं हुत हुतं, तसंच मला हुतंय. काल सकाळपासनं. तुमी घाबरचाल म्हनून बोलली न्हाय."

करडू पूनमच्या पायाशी येऊन लुगड्याचा काठ चघळू लागलं आणि तिनं त्याला हटकलंही नाही.

शिवानी उठली. तिच्या बॅगेत रक्तदाब बघायचं यंत्र होतं. तिनं पूनमला भिंतीला टेकवून बसवलं, दंडाला पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं. आकडा बघून तिनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग बसम्माला जवळ बोलावून दाखवला.

"मागच्या खेपंला बरी हुती की," बसम्मा कुजबुजली. "ह्या महिन्यात तपासाया बोलावलं तर आलीच न्हाय. आठव्यात येस वलांडत न्हाई म्हनली ही म्हातारी."

"किती बी पुटपुट, मला समजतंय," केराबाई म्हणाली. "काय हाय ते त्वांडावर सांगा."

शिवानी तिच्यासमोर उकिडवी बसली. "दाब फार वाढलाय, मावशी. झटके येऊ शकतात. आत्ताच न्यायला पाहिजे."

"न्हाय."

"मावशी…"

"तुला पुढचं सांगायचं ऱ्हायलंय, ते ऐक." केराबाईचा आवाज चढला होता. आता कोणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं. "वैजूला पयल्या दवाखान्यात नेलं. तितं म्हनले, हितं सोय न्हाय, पुढं न्या. पुढं नेलं. तितं डागदर न्हवता. म्हनले, येळ घालवू नगा, पुढं न्या. गाडीत घातलं. गाडीत म्या आन् डायवर. पोरगी माज्या मांडीवर वाकडीतिकडी झाली, दातखीळ बसली, आन् म्या नुसती बगत बसली. सोलापूर दिसाया लागलं हुतं. दवाखान्यात गेली असती तर म्हनलं असतं दवाखान्यात गेली. ती गाडीत गेली. ह्या पोरीला म्या गाडीत घालनार न्हाय. भावाला काय त्वांड दावू?"

पूनम तिच्याकडं बघत होती. हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"ह्या खेपंला पुढं न्या म्हननार न्हाईत, असं सांग. मग नेते," केराबाई म्हणाली.

शिवानीच्या ओठावर होकार आला असावा. तो देणं सोपं होतं. तिनं ओढणीनं मान पुसली.

"तसं मी सांगू शकत नाही, मावशी. खोटं होईल. पण सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आपण थेट जाऊ. तो शेवटचा. तिथून पुढं पाठवायला जागाच नाही. मी आत्ता फोन करते, आपण येतोय हे त्यांना आधी कळू दे. आणि मी गाडीत बसते."

"तू डागदर हायस?"

"नाही."

"मग बसून काय करशील?"

"ते मला माहीत नाही," शिवानी म्हणाली.

केराबाईनं तिला पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. एवढ्यात पूनमनं डोळ्यांवर तळहात दाबून धरले. "आत्या, उजेड सोसंना," ती म्हणाली. केराबाई उठली. कमरेला पदर खोचला.

"बसम्मा, गाडी बोलाव."

रुग्णवाहिका आली तेव्हा वस्तीवरच्या बायका गोळा झाल्या होत्या. वेस ओलांडताना एकीनं पूनमवरून भाकर ओवाळून टाकली. केराबाईनं तिकडं पाहिलं नाही. तिनं पूनमचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याच मांडीवर, तशाच गाडीत. खड्डा आला की ती पूनमच्या हनुवटीला हात लावून बघे, दात आवळले तर नाहीत ना. शिवानी फोनवर बोलत होती. रेंज जाई, ती पुन्हा लावी.

मध्येच गाडी वळली. केराबाईला फाटक ओळखू आलं; वैजूला आधी नेलं होतं तोच दवाखाना.

"हितं कशाला? थेट जायाचं ठरलं हुतं की! ए डायवर!"

"दाब जास्त आहे, मावशी. एक इंजेक्शन आधी द्यायचंय, मोठ्या डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं. झटका येऊ नये म्हणून."

केराबाईनं पूनमला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, जणू कोणी ओढून नेणार होतं. पायऱ्या उतरून डॉक्टर स्वतः गाडीपाशी आला. तरुण होता, चपला उलट्यासुलट्या घातलेल्या. त्यानं गाडीतच पूनमला तपासलं, नर्सनं सुई टोचली. मग तो मागं सरकला आणि म्हणाला, "चला, पुढं न्या."

केराबाईच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. ती तोंड उघडणार तोच नर्स सलाइनची बाटली हातात धरून आत चढली आणि तिच्या शेजारी बसली. जाडजूड बाई, धापा टाकत होती.

"सरका की मावशी जराशा. आख्खी शीट काय इकत घेतलीया व्हय?"

"तुमी येताय?"

"मग हिला काय टपालानं धाडू?"

गाडी निघाली. केराबाई सरकली. रस्ताभर तिनं पूनमकडं जितकं पाहिलं तितकंच त्या बाईच्या हाताकडं पाहिलं. वर धरलेला तो हात अवघडला की बाई बाटली दुसऱ्या हातात घेई. एकदा केराबाईनंच बाटली धरली. तिला काही करायला मिळालं याचंच तिला आधी रडू आलं. मग तिनं ते गिळलं. अजून सोलापूर यायचं होतं.

मोठ्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उभं होतं. नाव विचारलं, वय विचारलं, आणि चाकं फरशीवरून गडगडत निघाली. केराबाई अनवाणी मागं धावली. एका काचेच्या दाराशी त्यांनी तिला अडवलं.

"कुटं न्यायलायसा तिला?"

"आत," वॉर्डातली बाई म्हणाली आणि दार मिटलं.

ती दाराला पाठ लावून खाली बसली. शिवानी तिच्या शेजारी. जोतिरामचा फोन आला. मेंढरांचा गलका, वारा. "आये, कुटं हायसा? पुढं कुटं न्यायला सांगितलं काय?" केराबाईनं फोन शिवानीच्या कानाला लावला.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पूनमचा दाब चटकन उतरला नाही. डॉक्टर म्हणत, अजून सांगता येत नाही, आणि केराबाई रात्रंदिवस कॉटच्या लोखंडी दांड्याला हात धरून बसे. कोणी स्ट्रेचर घेऊन वॉर्डात शिरलं की ती उभी राही.

सूज ओसरू लागली त्या दिवशी पूनमनं ओठ ओले करून विचारलं, "आत्या, गाडीत वैन्स काय म्हनल्या हुत्या? शेवटाला?"

केराबाईनं सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या कॉटवरची पोटुशी बाई, तिची सासू, दोघी इकडंच बघत होत्या. तिचा आवाज आपोआप खाली गेला. मग तिनं तो मुद्दाम वर आणला, त्या बाईलाही ऐकू जाईल एवढा.

"सांगते," ती म्हणाली. "पर आदी तिचं डोस्कं कवापासनं दुखत हुतं, तितनं सांगते."