लॉर्शच्या मठातली पिंपळी

सासरे परदेशात आले की सून त्यांना एकतर राजवाडे दाखवते, नाहीतर आउटलेट मॉल. आमच्या अण्णांना दोन्हींत रस नव्हता. साताऱ्याजवळच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं वैद्यकी केली. जर्मनीत आमच्याकडे कार्ल्सरूहेला आल्यापासून त्यांचा एकमेव रुग्ण म्हणजे आमच्या बाल्कनीतली तुळस. नात सई सतरा वर्षांची, तिला डॉक्टर व्हायचंय. सर्दीवर त्यांनी काढा दिला, तर ती "क्रॉयटरटे" म्हणाली, म्हणजे झाडपाल्याचा चहा, आणि मोबाइलकडे वळली. अण्णा हसले. दुसऱ्या दिवशी औषधांची पेटी मात्र सुटकेसच्या तळाशी गेली. आठवड्याने ते परत जाणार होते, आणि ती पेटी अशी गुपचूप परत जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

तेवढ्यात सईला शाळेत रेफेराट, म्हणजे वर्गापुढे मांडायचा लेखी प्रकल्प, करायचा निघाला. विषय, मध्ययुगाच्या सुरुवातीचं वैद्यक. लॉर्शच्या मठात बाराशे वर्षांपूर्वी साधूंनी औषधांचा एक जाडजूड ग्रंथ लिहून ठेवला होता. मी जाहीर केलं, "शनिवारी लॉर्श. अण्णाही येतील." सई म्हणाली, "नाईन," म्हणजे नाही. आई मी असल्यामुळे आम्ही गेलो.

जाणाऱ्यांसाठी: साध्या गाड्यांनी बेन्सहाइमपर्यंत जा, तिथून लॉर्शची छोटी गाडी मिळते. डॉइचलांड-टिकिटात, म्हणजे देशभर चालणाऱ्या मासिक पासात, सगळं बसतं. बदलायच्या गाडीसाठी हाताशी वेळ ठेवा; जर्मन गाड्या वेळेवर असतात ही बातमी फक्त भारतात पोचलेली आहे. आणि मूळ हस्तलिखित लॉर्शला नाहीच, ते बांबेर्गला असतं. इथे बघायचं ते लाल-पांढऱ्या दगडांचं जुनं प्रवेशद्वार आणि त्या ग्रंथातल्या वनस्पतींची बाग.

मे महिना, त्यामुळे जेवणात सगळीकडे श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस. अण्णांनी तो पांढरा कोंब काट्यावर उचलून निरखला.

"ही शतावरीची बहीण. आपण मुळं दुधातून देतो. हे कोंब उकडून लोण्यात बुडवतात."

"अहो अण्णा, चव कशी आहे?"

"पथ्याची."

दोन वाजता गाइडबाईंसोबत बागेची फेरी. साठीच्या, गुडघ्याला माती लागलेल्या. त्या म्हणाल्या, ग्रंथात समुद्रापलीकडच्या वस्तूही आहेत, उदाहरणार्थ "लांगर फेफर". माझी छाती तिथल्या तिथे फुगली. लांब फेफर म्हणजे लांब मिरची. मी अण्णांना मराठीत आणि बाईंना जर्मनमध्ये एका दमात सांगून टाकलं की बाराशे वर्षांपूर्वी आमच्या संकेश्वरी मिरचीने इथल्या साधूंना बरं केलं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तेव्हा मिरची आपल्याकडेही नव्हती. ती पुढे पोर्तुगीजांनी आणली. तोपर्यंत आपण तिखट कशाने खायचो?"

व्हॉट्सॲपवरचा माझा सगळा अभिमान असा दोन वाक्यांत निवर्तला. अण्णा बाईंकडे वळले आणि त्यांनी जर्मनचा एक शब्द येत नसताना विचारलं, "पिपर लाँगम?"

"या, गेनाऊ," बाई चमकून म्हणाल्या, म्हणजे हो, अगदी बरोबर.

"पिंपळी," अण्णा म्हणाले. मग बोटं मोजत, "पिपर नायग्रम, मिरी. झिंजिबर, सुंठ. तिन्ही मिळून आमचं त्रिकटू."

आयुर्वेदाच्या कॉलेजात पाठ केलेली लॅटिन नावं साठ वर्षांनी कामाला आली. बाई म्हणाल्या, मिरीला आम्ही फेफर म्हणतो, तो शब्दच मुळात तुमच्या पिप्पलीवरून ग्रीक आणि लॅटिनमधून इथवर आलाय. पिंपळीचं नाव मिरीला चिकटलं, आणि इथल्या प्रत्येक टेबलावर ती चूक रोज सांडते. आता मला कुणी न विचारता अभिमान वाटला. सई भाषांतराला मध्ये आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

मग जखमेवरचा उतारा: मेंढीच्या लेंड्या, चीजवरची बुरशी आणि मध. बुरशीत पेनिसिलिनची पणजी दिसते असं काही अभ्यासक म्हणतात, बाई सांगत होत्या. सईने पहिल्यांदाच अण्णांना मराठीत सरळ प्रश्न केला. "आजोबा, तुम्ही हे लावाल जखमेवर?"

अण्णा हो म्हणाले असते तर संपलंच होतं.

"लेंड्या? आधी धनुर्वाताचं इंजेक्शन, मग इतिहास," अण्णा म्हणाले. "मध ठेवीन. बुरशीचं तुम्ही ॲलोपॅथीवाल्यांनी औषध केलंत, उत्तम केलंत. जुनं पुस्तक वाचायचं ते कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे कळायला. आमच्या गुरुजींनी निम्मा अभ्यास टाकायचाच शिकवला."

सई हसली. बाईंनी पुढे सांगितलं की महागड्या परदेशी औषधांऐवजी गरिबाला परसातल्या वनस्पतींनी बरं करावं, असंही त्या साधूंनी लिहिलंय. "शहाणे वैद्य होते," अण्णा म्हणाले, जसं शेजारच्या गावातल्या कुणाबद्दल बोलावं तसं.

परतीच्या गाडीत मी खिडकीत होते. माझ्यामागे पेपर नॅपकिनवर लॅटिन नावं उतरवली जात होती आणि "तर मग, आजोबा, परत एकदा" चालू होतं.

अण्णा साताऱ्याला पोचल्यावर रेफेराट झाला. सईने मला फाइल पाठवली. शेवटच्या पानावर संदर्भ: तीन पुस्तकं, एक वेबसाइट आणि त्याखाली अण्णांचं पूर्ण नाव, पुढे "तोंडी माहिती", आणि त्यापुढे "आर्त्स्ट". म्हणजे डॉक्टर. जर्मनीत हा शब्द कुणाच्याही नावापुढे लावता येत नाही, त्याला सरकारी परवाना लागतो. सईला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आडनावाच्या स्पेलिंगमधली एक चूक मी तिला कळवली. ही नाही कळवली.